शिंगरमाळावरचा मोतद्दार

सह्याद्रीच्या माथ्यावर, घाटाची वाट जिथं दमून थांबते, तिथं शिंगरमाळ नावाचं एक पठार होतं. त्या पठारावर एकच घर होतं आणि त्या घराची सगळी दौलत म्हणजे घोडी. घराला दगडी भिंती, वर गवताचं छप्पर आणि लागूनच घोड्यांची पागा. मधली भिंत एवढी पातळ की पागेत एखादी घोडी फुरफुरली तरी चुलीपाशी ऐकू यायचं.

घराचा कर्ता होता म्हातारा सुभानबा. तरुणपणी एका आडदांड घोड्यानं लाथ झाडून त्याच्या कमरेचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून तो एका अंगानं झुकून चालायचा. अंगात ठिगळांची बंडी, खांद्यावर घोंगडी, आणि कितीही अंघोळ केली तरी अंगाला घोड्यांचा वास. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा निंबाजी, सून सगुणा आणि नात चिमा एवढाच त्याचा संसार. चिमा जेवायची ती आज्याच्या मांडीवर बसून. कडाक्याच्या थंडीत एखादं शिंगरू आईवेगळं झालं, तर सुभानबा त्या पिल्लाला उचलून घरात आणायचा आणि चुलीपाशी निजवायचा. सगुणा म्हणायची, "मामंजी, उद्या घोडीलाही आत घ्याल." म्हातारा म्हणायचा, "दार लहान आहे म्हणून, पोरी. नाहीतर घेतली असती."

निंबाजी कामाला वाघ होता. गवत कापावं तर त्यानं, उधळलेलं घोडं आवरावं तर त्यानं. बापावर त्याची माया नव्हती असं नाही. पण एक खोड त्याला होती. तो स्वतःकडे नेहमी लोकांच्या डोळ्यांनी बघायचा. घाटाखाली उतरला की त्याची चाल बदलायची, बोली बदलायची. बाप बरोबर असला तर तो चार पावलं पुढं चालायचा आणि मनाशी म्हणायचा, "आबांना चालवत नाही, मी काय करू?"

एके वर्षी घाटाखाली घोड्यांचा मोठा बाजार भरला. निंबाजी दोन घोडी घेऊन एकटाच गेला. तिथं एक मोठे सरदार आले होते. त्यांना निंबाजीची घोडी पाहताक्षणी आवडली. भोवती शिलेदारांची मुलं उभी होती. स्वतःच्या घोड्यावर बसून लढाया मारलेल्या बापांची ती मुलं. त्यांच्या डोक्यावरचे जरीचे मंदील, त्यांच्या तलवारी, त्यांचं ते ताठ उभं राहणं निंबाजी बघत होता. तेवढ्यात सरदारांनी विचारलं, "कुणाचा मुलगा तू?"

जिभेला हाड नसतं. निंबाजी बोलून गेला, "आमचे वडील शिलेदार होते, सरकार. मोहिमेत पडले."

सगळ्यांच्या माना आदरानं लवल्या. सरदार म्हणाले, "शूराच्या पोटी जन्मलास. तुझ्या माळावर येईन मी एकदा. आमच्या पागेला लागतील ते घोडे यापुढं तुझ्याकडूनच."

निंबाजी घाट चढत होता तेव्हा त्याची छाती फुगली होती, आणि त्याच छातीत एक काटाही रुतला होता. घरी पोचला तर बापानं पाय धुवायला ऊन पाणी काढून ठेवलेलं. "दमलास का रे, निंबा?" सुभानबानं विचारलं. निंबाजी पाय धूत राहिला. मान वर करून बापाकडे बघायचं त्याला जमलं नाही. तो मनाला समजावत होता, एवढा डोंगर चढून सरदार कशाला येतात? बोललं ते वाऱ्यावर गेलं.

पण सरदार आले. माळावरचं गवत पिवळं पडलं होतं, त्या दिवसांत एका सकाळी घाटात टापा वाजल्या. निंबाजीनं कड्यावरून डोकावून पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत घरात आला. "सगुणा, चिमाला घेऊन आत बस. बाहेर येऊ नकोस." मग तो बापाला शोधायला वळला. 'आबा, जरा गवताच्या गंजीमागं जाऊन बसा,' हे कुठल्या तोंडानं सांगायचं, याचाच तो विचार करत होता. पण तेवढा वेळच मिळाला नाही. स्वार अंगणात येऊन ठेपले, आणि पाहुण्यांच्या घोड्यांसाठी पाण्याची घागर घेऊन सुभानबा स्वतःच समोर आला. आधी घोड्याला पाणी, मग स्वाराला, ही त्या घराची रीत होती.

सरदारांनी म्हाताऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा कोण?"

जो मेला म्हणून सांगितला तो समोर उभा होता, वाकडा, ठिगळांचा, ओल्या हातांचा.

"मोतद्दार आहे, सरकार," निंबाजी म्हणाला. "घोड्यांची झाडलोट करतो. वडिलांच्या वेळचा चाकर."

सुभानबा जागच्या जागी थांबला. घागरीतलं पाणी हिंदकळून त्याच्या पायावर सांडलं. सरदारांना ते दिसलं नाही. ते मजेत म्हणाले, "वडिलांच्या वेळचा? मग तू त्यांना पाहिलं असशील. मोहिमेत पडलेले ते शिलेदार कसे होते रे?"

म्हाताऱ्यानं घागर खाली ठेवली. मुलाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर निंबाजीला सोसला असता. पण तिथं राग नव्हताच. एक प्रश्न होता, आणि निंबाजीनं डोळे खाली वळवले तसा तोही विझला.

"साधा माणूस होता, सरकार," सुभानबा म्हणाला. "घोड्यांतलं थोडंफार कळायचं त्याला. माणसांतलं तेवढं कळलं नाही."

"म्हातारा तोंडाचा तिखट आहे!" सरदार हसले. त्यांच्याबरोबर सगळे हसले. आणि सगळ्यांबरोबर निंबाजीही हसला.

दाराआड सगुणा उभी होती. तिनं चिमाचा हात घट्ट धरला होता. पाहुण्यांसमोर घरची सून काय बोलणार? तिनं ओठ दातांखाली दाबले.

सरदारांनी एक काळा घोडा निवडला. माळावरचा सगळ्यांत देखणा. पण त्यांच्या माणसांनी लगाम धरताच घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. एकाला त्यानं धूळ चारली, दुसरा लांब पळाला. शेवटी सुभानबानं जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला, तेव्हा कुठं तो शांत झाला. आपल्याला दूध पाजून वाढवणाऱ्याला जनावर ओळखत होतं.

सरदार म्हणाले, "निंबाजी, या मोतद्दारालाही आमच्याबरोबर दे. घोडा रुळला की परत पाठवतो." मग म्हाताऱ्याकडे वळून म्हणाले, "काय रे, येशील ना?"

"मालक म्हणतील तसं," सुभानबा म्हणाला.

सगळ्यांनी निंबाजीकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. 'सरकार, चुकलो, हे माझे वडील,' एवढंच. ते शब्द त्याच्या जिभेपर्यंत आलेही. पण समोर सरदारांचा प्रसन्न चेहरा होता, शिलेदार होते, त्यांचा कारभारी होता.

"न्या की, सरकार," तो म्हणाला.

सुभानबा घोंगडी आणायला घरात गेला. सगुणा त्याला आडवी आली. तिचे डोळे भरले होते. "मामंजी, तुम्ही हूं म्हणा. मी आत्ता बाहेर जाते आणि सांगते सगळ्यांना."

"नको, पोरी. चारचौघांत त्याचं तोंड काळं होईल."

"आणि तुमचं झालं ते?"

म्हाताऱ्यानं चिमाला जवळ घेतलं. चिमाच्या डोक्यावरून हात फिरवला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि सुनेनं घाईनं बांधलेली भाकरी घेतली.

सगळे निघाले. सरदार घोड्यावर, शिलेदार घोड्यांवर, कारभारी तट्टावर. मोतद्दारानं चालायचं असतं. काळ्या घोड्याचा लगाम धरून सुभानबा त्यांच्यामागं घाट उतरू लागला. मोडक्या कमरेचा तो म्हातारा प्रत्येक पायरीला एका हातानं दगडाचा आधार घेत होता. निंबाजी कड्यावर उभा राहून बघत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढ्या अंतरावर बाप होता. निंबाजी बघत राहिला. मग वळणाआड घोडा गेला, आणि बापही गेला.

त्या दिवसापासून निंबाजीला अन्न गोड लागेना. सगुणा भांडली नाही. भांडली असती तर त्यालाही चार शब्द बोलता आले असते. ती ताट वाढायची आणि आत निघून जायची. घोड्यांना चारा घालताना निंबाजी मनाशी हिशेब जुळवायचा. आबांना काय, घोड्यांत राहायलाच आवडतं. घोडा रुळला की येतीलच. आले की पाय धरू, घरातल्या घरात. कुणाला कळायचंही नाही. असं त्यानं मनाला रोज सांगितलं, आणि रोज ते सांगणं आदल्या दिवसापेक्षा पोकळ वाटलं.

एका दुपारी तो पागेच्या मागं कुंपणाचा दगडी गडगा रचत होता. दरवर्षी मेंढरं घेऊन माळावर येणारा एक धनगर अंगणात आला. चिमा तिथं खेळत होती. धनगरानं विचारलं, "काय गं चिमे, तुझा आजा कुठं दिसत नाही?"

"तो आजा नव्हता," चिमा म्हणाली.

"म्हणजे?"

"तो चाकर होता. बाबांनीच सरदारांना सांगितलं. मी दाराआडून ऐकलं. माझा खरा आजा मोहिमेत मेला." मग ती थोडी थांबली आणि हळूच म्हणाली, "तो कसा दिसायचा, मला आठवतच नाही."

धनगर तिच्यासमोर उकिडवा बसला. मग त्यानं विचारलं, "असं बोलला तुझा बाप?" आणि तो उठला. दरवर्षी तो निंबाजीला भेटल्याशिवाय, घोटभर ताक प्यायल्याशिवाय पुढं जात नसे. त्या दिवशी तो मेंढरं हाकत तसाच निघून गेला.

गडग्याआड हे सगळं ऐकून निंबाजीच्या हातातला दगड गळून पडला. आपण सरदारांना फसवलं, एवढंच तो आजवर धरून चालला होता. आपल्या लेकरानं आपल्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तिचा जिवंत आजा आपण तिच्यापासून हिरावून घेतला, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

तो तसाच घरात गेला. "सगुणा, उद्या उजाडताच आबांना आणायला जातो."

सगुणा पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही. "आणाल हो. पण काय म्हणून मागाल? आमचा मोतद्दार परत द्या म्हणून?"

निंबाजी पागेत गेला आणि खोगीर झाडू लागला.

सकाळी घरातली सगळ्यांत शांत घोडी घेऊन तो निघाला. तिच्यावर मऊ खोगीर घातलं होतं, पण तो स्वतः त्यावर बसला नाही. ज्या वाटेनं बाप चालत गेला ती सगळी वाट तो चालला. घाट उतरला, ओढे ओलांडले, उन्हातली मोकळी रानं तुडवली. वाटेत त्याचे पाय सोलून निघाले, आणि पावलागणिक त्याला एकच दिसत होतं, दगडाला टेकलेला बापाचा हात.

सरदारांच्या वाड्याची पागा मोठी होती. सुभानबा एका कोपऱ्यात काळ्या घोड्याच्या अंगाला खरारा करत होता. निंबाजीनं त्याला पाहिलं आणि धावत जाऊन त्याचे पाय धरले. नुसते हुंदके येत होते.

"ऊठ, ऊठ," सुभानबा घाबरून इकडंतिकडं बघत म्हणाला. "अरे, कुणी बघेल. मालक मोतद्दाराच्या पाया पडतो का?"

"आबा, चला घरी. मी चुकलो."

"कळलं मला. कळलं तेवढं पुरे. घोडा आता रुळलाय. मी कारभाऱ्याला सांगतो आणि संध्याकाळच्या आत निघतो. तू पुढं जाऊन वेशीबाहेर थांब. कुणाला काही कळायला नको. तुझं नाव राहील."

बापानं वाट मोकळी करून दिली होती. माफी मिळाली होती, तीही कुणाच्या नकळत. निंबाजीनं डोळे पुसले. कुणाचंही काही बिघडणार नव्हतं. तो दोन पावलं दाराकडे चाललाही.

तेवढ्यात एक तरुण शिलेदार आत आला आणि ओरडला, "ए थेरड्या! सरकार चौकात आलेत. घोडा काढ बाहेर. आणि पाय उचल जरा!"

"जी," सुभानबा म्हणाला आणि झुकत झुकत लगाम घ्यायला गेला.

तो 'जी' निंबाजीच्या काळजात घुसला. त्याला कळलं की आपण वेशीबाहेर थांबलो तर या जागी आपला बाप कायमचा थेरडाच राहणार. त्यानं पुढं होऊन बापाच्या हातातला लगाम घेतला आणि घोडा घेऊन स्वतःच चौकात गेला.

चौकात सरदार बसले होते. भोवती शिलेदार, कारभारी, पागेतले चाकर, सगळी माणसं जमली होती. "अरे, निंबाजी!" सरदार म्हणाले. "तू कधी आलास? आणि घोडा तू का आणलास? तुमचा मोतद्दार कुठं आहे?"

निंबाजीचे कान तापले. बाजारातली, माळावरची सगळी तोंडं इथं होती. त्यानं मान खाली घातली, पण आवाज खाली घेतला नाही.

"सरकार, आमच्या घरी मोतद्दार कुणी नाही. ज्यांना तुम्ही आणलंत ते माझे वडील आहेत. सुभानबा. ते शिलेदार नव्हते आणि मोहिमेतही पडले नाहीत. त्यांनी जन्मभर घोडी वाढवली आणि मला वाढवलं. तुमच्यापुढं मला त्यांची लाज वाटली, म्हणून आधी मी त्यांना मारलं आणि मग चाकर केलं."

पागेच्या दारात सुभानबा भिंतीला धरून उभा होता.

सरदारांचा चेहरा लाल झाला, मग काळवंडला. "मी या म्हाताऱ्या माणसाला घाटातून चालवत आणलं," ते सावकाश म्हणाले. "आम्ही सगळे घोड्यांवर होतो. तुझ्या खोट्यापायी माझीही मान खाली गेली." ते उठले, सुभानबापाशी गेले. "बाबा, तुम्ही एक शब्द का नाही बोललात?"

"मी बोललो असतो तर पोरगं खोटं ठरलं असतं, सरकार," सुभानबा म्हणाला. "त्यानं आपल्या तोंडानं सांगेपर्यंत मला गप्प बसायला हवं होतं. तेवढी वाट बघत होतो."

सरदार निंबाजीकडे वळले. "काळा घोडा मी ठेवून घेतो. तो तुझ्या बापानं घडवलाय. पण यापुढं तुझ्याकडून एकही घोडा आमच्या पागेत येणार नाही. जो बापाला परका म्हणतो, तो मला घोड्याविषयी खरं सांगेल, हे मी कशावरून मानू?"

"बरोबर आहे, सरकार," निंबाजी म्हणाला.

बापलेक परत निघाले. सुभानबा घोडीवर बसला होता आणि निंबाजी लगाम धरून पुढं चालत होता. वाटेतल्या गावांत लोक विचारायचे, "कुठले पाहुणे?" निंबाजी सांगायचा, "शिंगरमाळाचे. हे माझे वडील." ते सांगताना दर वेळी त्याची मान आपोआप खाली जायची. एवढं सोपं वाक्य आपल्याला एकदा जमलं नव्हतं, याची ती लाज होती. सुभानबा मात्र मधूनच म्हणायचा, "निंबा, दमला असशील. थोडा तू बस." त्या बोलण्यात टोमणा नव्हता. निंबाजीला वाटायचं, टोमणा असता तर बरं झालं असतं.

माळावर पोचले तेव्हा चिमा अंगणात होती. सुभानबाला पाहून ती धावत सुटली, आणि अर्ध्या वाटेत थांबली. बापाकडे बघू लागली. या माणसाला काय म्हणायचं, ते तिला कळेना.

निंबाजी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. सगुणा दारात येऊन उभी राहिली. तिच्यादेखत तो म्हणाला, "चिमा, मी खोटं बोललो होतो. हे चाकर नाहीत. हे माझे बाबा आहेत, तुझे आजोबा. मोहिमेत कुणी मेलं नाही."

चिमानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्याला वळसा घालून ती घोडीपाशी गेली आणि वर बघून सुभानबाला विचारलं, "आजा, बाबा आता खरं बोलतायत का?"

"हो, चिमे. खरं बोलतोय तो," सुभानबा म्हणाला.

तेव्हा कुठं तिनं हात वर केले. आज्यानं तिला घोडीवर उचलून घेतलं आणि तिनं त्याच्या बंडीत तोंड खुपसलं. निंबाजी अजून जमिनीवर गुडघे टेकून होता. सरदारांनी चौकात सुनावलं तेव्हा त्याला वाटलं होतं, याहून मोठी लाज नसेल. आता त्याच्या लेकीनं त्याचा शब्द दुसऱ्याला विचारून मगच खरा मानला होता. त्यानं उठून लगाम धरला आणि घोडी दाराशी नेली.

तात्पर्य: आपल्या माणसाला चारचौघांत नाकारलं तर त्याची माफी कोपऱ्यात मागून भागत नाही, ती चारचौघांतच मागावी लागते. आणि माफी एका दिवसात मिळाली तरी गेलेला विश्वास एका दिवसात परत येत नाही.